नव्व्याण्णव वर्षांच्या बाळंतिणी

फुकट मिळणाऱ्या वस्तूकडे लोक ज्या नजरेने बघतात, त्या नजरेची आकडेबाईंना मनापासून चीड होती. आणि त्या दिवशी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये ती नजर एकदम दोन माणसांच्या डोळ्यांत होती. एक स्वतः मोठे डॉक्टर, म्हणजे हॉस्पिटलचे प्रमुख. दुसरा टायवाला, म्हणजे संख्याशास्त्राचं महागडं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स संपलं होतं आणि तो ते पुन्हा गळ्यात मारायला आला होता.

आकडेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण हॉस्पिटलात आणि कॉलनीत दुसऱ्या कुठल्या नावाने त्यांना कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. एक्स-रेच्या खोलीमागे आकडेवारी विभाग नावाची एक अरुंद खोली होती आणि तो सगळा विभाग म्हणजे त्या एकट्या. किती रुग्ण आले, कुठल्या वॉर्डात कुठल्या वयाचे आले, किती बरे होऊन गेले, हे मांडून दरवर्षी अहवाल काढायचा हे त्यांचं काम. अहवाल कुणी वाचत नसे, पण तो निघाला नाही तर सगळ्यांना आठवण येई.

‘हाच हिशेब करणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो,’ आकडेबाई म्हणाल्या. ‘जगभरातले संख्याशास्त्रवाले मिळून लिहितात. त्याचा सोर्स उघडा असतो. आत काय चाललंय ते कुणीही वाचावं, चुकलं असेल तर दुरुस्त करावं आणि ती दुरुस्ती इतरांनाही द्यावी.’

‘पण मॅडम, काही बिघडलं तर जबाबदार कोण?’ टायवाल्याने गोड आवाजात विचारलं. ‘फोन करून ओरडायला एक तरी माणूस हवा ना?’

हा मुद्दा मोठ्या डॉक्टरांना एकदम पटला. त्यांना ओरडायला माणूस लागतो हे हॉस्पिटलातल्या लिफ्टमनपासून भूलतज्ज्ञापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

‘मला ओरडा,’ आकडेबाई म्हणाल्या. ‘नाहीतरी ओरडताच.’

 मोठे डॉक्टर म्हणाले, ‘ठीक आहे. यंदाचा अहवाल तुमच्या त्या फुकटच्यावर करा. नीट झाला तर पुढे तेच वापरू. नाही झाला तर यांचं सॉफ्टवेअर येईल, अहवालही यांचीच माणसं करतील, आणि तुम्ही केसपेपरच्या खिडकीवर. तिथे माणूस कमीच आहे.’

केसपेपरची खिडकी म्हणजे काय ते ज्याने बघितलंय त्यालाच कळेल. समोर न संपणारी रांग, डोक्यावर खडखडणारा पंखा, आणि दिवसभर नाव-वय-पत्ता, नाव-वय-पत्ता. संख्याशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला तिथे बसवणं म्हणजे गवयाला लाउडस्पीकर उचलायला लावण्यासारखं होतं. आकडेबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण त्या ‘चालेल’ म्हणाल्या, कारण मनात त्यांना वाटलं की आपण जिंकलोच.

तसं वाटायला कारणही होतं. त्या प्रोग्रॅमचा प्रचार त्या वर्षानुवर्षं करत होत्या. दाढ काढायला गेल्या तेव्हा भूल उतरायच्या आत दाताच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर तो टाकून आल्या होत्या. शेजारच्या निवृत्त इंजिनिअरांना दिला होता, ते त्यात रोजचं वजन भरत. शाळेत मुख्याध्यापिका असलेल्या धाकट्या नणंदेला तर इतक्या वेळा सांगितलं होतं की तिने शेवटी कंटाळून शाळेचे निकाल त्यावर करायला घेतले. नवरा चष्म्यांच्या दुकानात बसत असे. तो म्हणायचा, ‘अगं, गिऱ्हाइकाला तरी सोड.’

तर पहिला कच्चा अहवाल तयार झाला आणि विभागप्रमुखांच्या बैठकीत आकडेबाईंनी तो वाचायला घेतला. सुरुवात प्रसूती विभागापासून. ‘बाळंत झालेल्या मातांचं सरासरी वय, एकेचाळीस.’

प्रसूतीच्या डॉक्टरीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. ‘किती?’

आकडेबाईंनी पुढची ओळ बघितली आणि ती गाळायचं ठरवलं. पण ओळ पडद्यावर सगळ्यांना दिसतच होती. सर्वात जास्त वयाची माता, नव्व्याण्णव वर्षं. तीसुद्धा एकटी नव्हे. नव्व्याण्णव वर्षांच्या बाळंतिणींची चांगली पलटणच होती.

डॉक्टरीणबाई हसता हसता टेबलावर पालथ्या पडल्या. ‘अहो, त्यातल्या दोघींना तर जुळं झालंय!’ त्या किंचाळल्या. आणि बैठकीला काहीही कारण नसताना येऊन बसलेला टायवाला हळूच म्हणाला, ‘फुकटच्या सॉफ्टवेअरचं असंच असतं, सर.’

आकडेबाई तिथून ज्या उठल्या त्या थेट केसपेपरच्या खिडकीवर. तिथे बसणारे गृहस्थ, ज्यांना सगळे खिडकीवाले म्हणत, शांतपणे कान कोरत होते.

‘बाळंतिणीचं वय नव्व्याण्णव लिहिताना तुमचा हात कसा धजला हो?’

‘लोक वय सांगत नाहीत, बाई,’ खिडकीवाले म्हणाले. ‘लिहा काहीतरी, म्हणतात. मी काहीतरी लिहितो.’

‘पण नव्व्याण्णव?’

‘तुमच्याआधीचे साहेब सांगून गेलेत. वय कळलं नाही की नव्व्याण्णव टाकायचं. रकान्यात दोनच आकडे मावतात. नाहीतर शंभर टाकलं असतं.’

आता कुठे सगळा उलगडा झाला. आधीच्या साहेबांनी जुन्या महागड्या सॉफ्टवेअरला कधीतरी सांगून ठेवलं होतं की वयात नव्व्याण्णव दिसलं की ते सोडून दे. ते इतकी वर्षं मुकाट्याने सोडून देत होतं, आणि आकडेबाईंना वाटत होतं की आपल्या हॉस्पिटलात सगळे जण वय सांगतात! फुकटच्या बिचाऱ्या प्रोग्रॅमला हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्याने नव्व्याण्णव म्हणजे नव्व्याण्णव धरलं. यात त्याचं काय चुकलं?

एवढं कळल्यावर दुसऱ्या एखाद्या माणसाने मुकाट्याने प्रोग्रॅमला ते सांगितलं असतं आणि विषय संपवला असता. पण आकडेबाई रागात होत्या, आणि रागात असलेल्या हुशार माणसाला साधा उपाय कधी दिसत नाही. त्यांनी प्रोग्रॅमची देखभाल करणाऱ्या माणसाला लांबलचक पत्र लिहिलं. हा माणूस कुठल्यातरी दूरच्या देशात राहत असे आणि स्वतःच्या फोटोऐवजी घुबडाचं चित्र लावत असे, म्हणून घरात त्याचं नाव घुबड पडलं होतं. पत्राचा मतलब असा, की सगळ्या जगाच्या दफ्तरांत ‘माहिती नाही’ला नव्व्याण्णव लिहितात हे तुमच्या प्रोग्रॅमला आपलं आपण कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

घुबडाचं उत्तर लगेच आलं. ‘नव्व्याण्णव म्हणजे नव्व्याण्णव. तुमच्याकडे त्याचा वेगळा अर्थ असेल तर ज्या रकान्यात तो आहे त्या रकान्यापुरतं प्रोग्रॅमला सांगा. तशी सोय आहे. माहितीपुस्तिकेतलं पान सोबत जोडलंय.’

‘पान जोडलंय!’ आकडेबाई स्वयंपाकघरात गरजल्या. ‘मला! पुस्तिकेतलं पान! अहो, मी अर्ध्या गावाला हा प्रोग्रॅम शिकवलाय!’

‘मग वाचून बघ की ते पान,’ नवरा म्हणाला.

‘तुम्ही तुमचे चष्मे बघा.’

आणि त्यांनी ठरवलं. सोर्स उघडा आहे ना? मग दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचंच कशाला? शनिवार-रविवार घरात कुणाशी न बोलता त्यांनी प्रोग्रॅमच्या पोटात हात घातला आणि मधोमध तीन ओळी बसवल्या. कुठेही, कुठल्याही रकान्यात नव्व्याण्णव आलं की ते ‘माहिती नाही’ समजायचं. आधीचा अहवाल पुन्हा चालवून बघितला. मातांचं सरासरी वय सव्वीसवर आलं. नव्व्याण्णव वर्षांच्या सगळ्या बाळंतिणी एका फटक्यात नाहीशा झाल्या. आकडेबाईंना इतका आनंद झाला की त्या चक्क गुणगुणल्या. नवरा दचकून, आज कुठला सण आहे की काय म्हणून, कॅलेंडर बघायला लागला.

दुरुस्ती त्यांनी घुबडाकडे पाठवली. घुबडाने एका ओळीत परत केली. ‘हे धोक्याचं आहे. न विचारता माणसांची माहिती पुसू नये.’ झालं. आकडेबाईंनी आपल्या प्रतीला ‘सुधारित आवृत्ती’ असं नाव दिलं आणि जुनी वापरणाऱ्या सगळ्यांकडे स्वतः जाऊन नवी बसवली. इंजिनिअरांकडे, नणंदेच्या शाळेत, दाताच्या डॉक्टरांकडेसुद्धा. फुकटची सेवा, वर पायपीट.

पहिली प्रतिक्रिया इंजिनिअरांची आली. ते जिन्यातच भेटले आणि त्यांचा चेहरा उजळला होता. बरेच दिवस त्यांचं वजन नव्व्याण्णव किलोवर अडकलं होतं. बायको रोज विचारत होती. ‘आता प्रोग्रॅमच सांगतो, माहिती नाही,’ ते म्हणाले. ‘काय सुरेख सुधारणा केलीत हो! काल मी शांतपणे दोन वेळा जेवलो.’ आकडेबाईंच्या डोक्यात इथे घंटा वाजायला हवी होती. पण कौतुक ऐकताना घंटा ऐकू येत नाहीत.

दुसरी प्रतिक्रिया नणंदेची, फोनवरून, आणि नेमकी हॉस्पिटलच्या वार्षिक सभेच्या सकाळी.

‘वहिनी, तुझ्या त्या सुधारित आवृत्तीने माझ्या लेकीचे गणिताचे मार्क खाल्ले! सगळ्या शाळेसमोर निकाल लागलाय, आणि मुख्याध्यापिकेच्या मुलीपुढे लिहिलंय माहिती नाही!’

‘टाइप करताना चुकलं असेल तुमचं.’

‘माझं चुकलं? पोरीचा वर्गात पहिला नंबर आलाय! रडून रडून डोळे सुजलेत तिचे. बाकीच्या आया म्हणतायत, आईनेच घातलेले मार्क होते म्हणून पुसले!’

‘किती होते मार्क?’

‘किती होते म्हणून विचारतेस? म्हणजे तुझाही विश्वास नाही तर!’ आणि नणंदेने फोन आपटला.

आता बघा, ती एकच संख्या तिने सांगितली असती तर पुढचं सगळं टळलं असतं. पण अपमान झालेली बाई आकडा सांगत नाही, आणि अपमान झालेली दुसरी बाई फिरून फोन करत नाही. आकडेबाई पर्स उचलून सभेला गेल्या.

सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत चाकाच्या खुर्चीत हॉस्पिटल चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचे वडील बसले होते. नवा कोट, नवे बूट, हातात भाषणाचा कागद. यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन याच हॉस्पिटलात झालं होतं आणि वर्षातल्या सर्वात वयोवृद्ध रुग्णाचा सत्कार व्हायचा होता. आता आपल्याच वडिलांचं नाव पुढे करणं अध्यक्षांना शोभलं नसतं. म्हणून त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. आकड्यांतून ते आपोआप येईलच ना, एवढ्या भरवशावर त्यांनी वडिलांना कोट मात्र शिवला होता.

आकडेबाईंनी अहवाल वाचायला घेतला. मातांचं वय बरोबर आलं. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. मोठ्या डॉक्टरांनीही एकदा मान डोलावली, आणि आकडेबाईंना वाटलं की झालं, आता एक्स-रेमागची ती अरुंद खोली आपल्याकडून कुणी काढून घेत नाही. त्यांनी पुढची ओळ खणखणीत आवाजात वाचली. ‘सर्वात वयोवृद्ध रुग्ण, वय शहाण्णव,’ आणि नाव घेतलं ते माजी अध्यक्षांचं. म्हणजे आताच्या अध्यक्षांनी ज्यांना निवडणुकीत पाडलं होतं आणि जे तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नव्हते, त्यांचं.

माजी अध्यक्ष शेवटच्या रांगेत होते. ते काठी टेकत उठले आणि अशा वेगाने पुढे आले की त्यांचं वय शहाण्णव आहे यावरच शंका यावी. पुष्पगुच्छ घेऊन त्यांनी फोटोसाठी तोंडही वळवलं.

‘मग मी कोण?’ पहिल्या रांगेतून आवाज आला.

‘बाबा, थांबा,’ अध्यक्ष म्हणाले.

‘कशाला थांबू? अजून किती थांबू? मी नव्व्याण्णव वर्षांचा आहे!’

 इंजिनिअरांचं वजन, भाचीचे मार्क, सगळं एका क्षणात आकडेबाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं. पण तेवढ्यात मोठे डॉक्टर ओरडले, ‘तपासा!’ आणि आकडेबाईंच्या हाताने सवयीने तपासलं. मोठ्या पडद्यावर, सगळ्या सभेसमोर, म्हाताऱ्याच्या नावाची ओळ उघडली. वय, माहिती नाही.

‘नव्व्याण्णव वर्षं रोज सकाळी उठलो,’ म्हातारा थरथरत म्हणाला, ‘आणि हिला माहिती नाही!’

सभा हसली. जोरात हसली. म्हाताऱ्याने भाषणाचा कागद चारदा घडी करून कोटाच्या खिशात घातला, आणि ते मात्र आकडेबाईंना बघवलं नाही.

पुढच्या आठवड्यात टायवाल्याचं सॉफ्टवेअर आलं, त्याची माणसं आली, आणि आकडेबाईंची खुर्ची खिडकीवर गेली. पण त्याआधी त्यांनी एक काम केलं. ज्यांना ज्यांना सुधारित आवृत्ती दिली होती, त्यांच्या घरी जाऊन ती परत काढली. नणंदेकडे गेल्या, भाचीला जवळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फलकासमोर उभं राहून सगळ्या आयांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘हिचे नव्व्याण्णव मार्क मी खाल्ले. मी. कळलं?’ दाताच्या डॉक्टरांना ती बसवल्याचंच माहीत नव्हतं. एकट्या इंजिनिअरांनी दार लावून घेतलं. ‘परत देणार नाही,’ ते आतून म्हणाले. ‘लायसन्समध्येच लिहिलंय, एकदा दिलेलं परत मागता येत नाही.’ आणि दुर्दैवाने ते खरं होतं.

खिडकीवरच्या पहिल्या दिवशी आकडेबाईंना रडू आलं आणि रडू आल्याचा भयंकर राग आला. त्याच वेळी समोरची बाई म्हणाली, ‘वय? लिहा काहीतरी.’

‘काहीतरी?’ आकडेबाई म्हणाल्या. ‘या काहीतरीने माझं वाटोळं केलंय! तुम्हाला धाकटा भाऊ आहे? तो किती लहान? तुम्ही शाळा सोडलीत तेव्हा तो कितवीत होता? आणि आता तो काय करतो? रिटायर? कधी?’

रांग ओरडत होती. मागून कुणी बाकं वाजवत होतं. शेजारी बसलेले खिडकीवाले म्हणाले, ‘बाई, नव्व्याण्णव टाका आणि मोकळ्या व्हा.’ आकडेबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी कान कोरणं थांबवलं. बाईचं वय एकसष्ट निघालं. ती स्वतःच चकित झाली. ‘अगं बाई, एवढीच?’ म्हणाली, आणि खूश होऊन डॉक्टरकडे गेली.

मग हे रोजचं झालं. आकडेबाई चिडून विचारत, लोक चिडून सांगत, पण सांगत. नवरा-बायको आपल्या लग्नाची तारीख भांडून ठरवत, दोन भाऊ थोरला कोण यावरून रांगेतच गुद्द्यांवर येत, आणि शेवटी रकान्यात खरा आकडा पडे. कुणाचं वय कशानेच लागलं नाही तर आकडेबाई रकाना सरळ रिकामा ठेवत. आधीच्या साहेबांना हे एवढं सुचलं नव्हतं.

एका रविवारी त्यांनी घुबडाला पुन्हा लिहिलं. या वेळी थोडक्यात. ‘तुमचं बरोबर होतं. त्याचा मला फार राग आला. सोबत दुसऱ्या तीन ओळी पाठवते. रकान्यात नव्व्याण्णवांची गर्दी दिसली तर प्रोग्रॅमने काही पुसू नये. थांबावं आणि वापरणाऱ्याला विचारावं, हे खरंच नव्व्याण्णव आहे का?’

घुबडाने ती दुरुस्ती घेतली. प्रोग्रॅमच्या पुढच्या आवृत्तीत, मदत करणाऱ्यांच्या नावांत, आकडेबाईंचं नाव आलं. नवऱ्याने ते दुकानातल्या सर्वात मोठ्या भिंगाखाली धरून तीनदा वाचलं. हॉस्पिटलात कुणाला पत्ता नव्हता, आणि त्यांनीही सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी ‘फुकट ना?’ असं विचारलं असतं आणि त्यांच्या हातून काहीतरी घडलं असतं.

पुढच्या अहवालाच्या बैठकीला खिडकीच्या लोकांना मागच्या भिंतीशी उभं राहायला जागा होती. पुढे टायवाला रंगात आला होता. ‘सर, आमचं सॉफ्टवेअर आल्यापासून वय माहिती नाही हा प्रकार जवळजवळ संपलाय. हीच तर दर्जाची किंमत असते.’ टाळ्या झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, ‘बघा. मी सांगतच होतो.’

आकडेबाईंनी हात वर केला.

‘केसपेपरचं नंतर बोलू,’ मोठे डॉक्टर म्हणाले.

आकडेबाईंनी हात खाली घेतला. त्या रागाचं वर्णन करणं आमच्या आवाक्यात नाही. त्या खिडकीवर परत गेल्या, आणि त्या दुपारी ज्यांनी केसपेपर काढला त्यांनी आपली वयं न विचारताच सांगून टाकली.

संध्याकाळ व्हायच्या सुमाराला टायवाला खिडकीशी आला. रांगेला बगल देऊन, बाजूने, आवाज खाली करून. ‘मॅडम, जरा खासगी विचारायचं होतं. पलीकडच्या हॉस्पिटलातही आमचं हेच सॉफ्टवेअर आहे. तिथे अजून निम्म्या लोकांची वयं लागत नाहीत. इथे कशी लागली, आमच्या इंजिनिअरांनाही कळत नाहीये. तुम्ही आत काही सेटिंग बदललं का?’

‘बदललं.’

‘काय, ते सांगाल का? म्हणजे, तुमचं गुपित असेल तर...’

‘आमच्यात गुपित नसतं,’ आकडेबाई म्हणाल्या. ‘आमचं सगळं उघडं असतं. रांगेत उभे राहा आणि बघा.’

‘पण मी पेशंट नाही.’

‘रांग सगळ्यांना आहे.’

टायवाल्याने इकडे-तिकडे बघितलं. मग तो खरोखरच मागे गेला आणि हात मोडलेल्या एका माणसाच्या मागे उभा राहिला. रांग नेहमीच्याच गतीने सरकत होती, म्हणजे जवळजवळ नाहीच. तो मान उंचावून बघत होता, ऐकत होता, एकदा त्याने वही काढली आणि पुन्हा आत ठेवली. शेवटी तो खिडकीशी पोचला.

‘नाव?’ आकडेबाईंनी विचारलं. त्याने सांगितलं.

‘वय?’

टायवाल्याने टाय सैल केला. ‘चाळिशीच्या आसपास.’

आकडेबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

‘आसपास म्हणजे नक्की कुठे?’ त्या म्हणाल्या. ‘सांगा. मला घाई नाही.’